मोबाइलला वायफाय लागतं, लॅपटॉपला लागत नाही: नेमकं कुठे अडलंय ते कसं शोधायचं

घरातले सगळे मोबाइल आणि टीव्ही वायफायवर चालू आहेत, एकटा लॅपटॉप जोडला जात नाही. राउटर बंद-चालू केला की तासभर चालतो, मग पुन्हा तेच. ऑनलाइन परीक्षा किंवा ऑफिसची मीटिंग तोंडावर असली की माणूस हाताला येईल तो उपाय करतो: नेटवर्क रिसेट, ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) काढून टाकणं, शेवटी अख्खं विंडोज नव्याने टाकणं. त्यातला एखादा लागूही पडतो, पण कशाने काम झालं ते कळत नाही आणि आठवड्याभरात दुखणं परत येतं.

लॅपटॉप वायफायला जोडला जातो तेव्हा पाच गोष्टी ओळीने घडतात. विंडोजला वायफाय कार्ड दिसतं. कार्डाला राउटरचं नाव दिसतं. पासवर्ड जुळतो. राउटर लॅपटॉपला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, देतो. आणि त्या पत्त्यावरून बाहेरचं इंटरनेट मिळतं. आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची होत नाही. त्यामुळे गाडी कुठल्या पायरीवर थांबते एवढं कळलं की बाकीच्या चार पायऱ्यांचे उपाय करत बसायची गरज उरत नाही. खालच्या सूचना विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मेनूंची नावं थोडी पुढेमागे असतील, जागा त्याच आहेत.

आधी दोन मिनिटांच्या दोन परीक्षा

पहिली परीक्षा मोबाइलची. मोबाइलचा डेटा बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा आणि आधी न उघडलेलं एखादं संकेतस्थळ उघडून बघा. ही गोष्ट हमखास राहून जाते. डेटा चालू असला तर वायफायवर इंटरनेट नसताना मोबाइल गुपचूप डेटावर जातो, आणि आपण धरून चालतो की राउटर ठीक आहे, खोट लॅपटॉपमध्येच आहे. डेटा बंद केल्यावर मोबाइलवरही काही उघडलं नाही, तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. लॉस नावाचा दिवा लाल असेल तर बाहेरची फायबर तुटली आहे किंवा वाकून दबली आहे. पॉन नावाचा दिवा लुकलुकत राहिला तर डब्याची कंपनीच्या यंत्राशी अजून ओळख पटलेली नाही. दिवे ठीक असूनही नेट नसेल तर महिन्याचं रिचार्ज संपलंय का ते बघा.

दुसरी परीक्षा हॉटस्पॉटची. मोबाइलवर डेटा चालू करून हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्याला जोडा. जोडला गेला तर लॅपटॉपचं कार्ड, ड्रायव्हर आणि अँटेना कामापुरते शाबूत आहेत. अडचण घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा लॅपटॉपने त्या राउटरबद्दल साठवलेल्या माहितीत आहे. हॉटस्पॉटही लागला नाही तर खोट लॅपटॉपमध्ये. हॉटस्पॉटचा बँड, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, कारण जुन्या कार्डांना तेवढाच दिसतो. आयफोनवर यासाठी हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्झिमाइज कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय असतो.

वायफायचं बटणच गायब आहे

खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक केल्यावर वायफायचा पर्यायच दिसत नाही, ही पहिली पायरी. एअरप्लेन मोड चालू आहे का बघा. बऱ्याच लॅपटॉपांवर वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली की असते, ती एफएन की सोबत दाबावी लागते. दहा-बारा वर्षं जुन्या काही मॉडेलांना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला सरकवायचं छोटं बटण असतं. बॅगेत घासून ते बंद होतं आणि विंडोजमधून काही केलं तरी वायफाय चालू होत नाही.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडा: स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, यादीतून डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स. कार्डाच्या नावाशेजारी खाली वळलेला छोटा बाण असेल तर कार्ड बंद केलेलं आहे. उजवी क्लिक करून 'एनेबल' करा. पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०' असेल तर कार्ड आहे पण सुरू होऊ शकत नाही. यावर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी एक साधा उपाय करून बघा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आतल्या भागांत उरलेला विद्युतभार निघून जातो आणि अडकून पडलेलं कार्ड शून्यापासून सुरू होतं. इंटेलच्या कार्डांवर कोड १० आला असेल तर हा उपाय चांगला लागू पडतो.

यादीत कार्डाचं नावच नसेल तर 'अदर डिव्हायसेस' खाली 'नेटवर्क कंट्रोलर' नावाने काही पडलंय का बघा. ते म्हणजे ड्रायव्हर नसलेलं तुमचं कार्ड. त्यावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीईएन या अक्षरांपुढचे चार अंक-अक्षरं बनवणारी कंपनी सांगतात: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून, लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर टाकून. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका; चुकीचा ड्रायव्हर टाकून गुंता वाढवण्यात त्यांचा हात मोठा असतो.

नेटच नसेल तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेथरिंग' चालू करा. अँड्रॉइड मोबाइल असेल तर विंडोज त्याला तारेचं नेटवर्क समजतं आणि वायफाय कार्डाशिवाय इंटरनेट मिळतं. उतरवलेला ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवरही ठेवा. पुढच्या वेळी लागणार आहे.

शेजाऱ्यांची नावं दिसतात, आपलं दिसत नाही

नवा फायबरचा डबा किंवा नवा राउटर बसवला की जुन्या लॅपटॉपांची ही तक्रार सुरू होते, आणि बहुतेक घरांत इथे लॅपटॉप बिघडलेला नसतोच.

कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी, स्टार्टमध्ये cmd शोधलं की मिळते) उघडा आणि नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, ड्रायव्हर्स हे चार शब्द इंग्रजी लिपीत, प्रत्येकात एक जागा सोडून टाइप करा (netsh wlan show drivers). उत्तरात 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' अशी ओळ येते. तिथे ८०२.११ नंतर फक्त बी, जी, एन एवढीच अक्षरं असतील तर कार्ड बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. एसी किंवा एएक्स असेल तर ते ५ गिगाहर्ट्झही ऐकतं. २०१५-१६ च्या आसपासच्या स्वस्त लॅपटॉपांत सर्रास एकाच बँडचं कार्ड असायचं. असा लॅपटॉप आणि राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू, म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीने घरात राउटरच नाही. मोबाइलला मात्र दोन्ही दिसतात.

उपाय राउटरमध्ये आहे. वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, नेमका पत्ता आणि लॉगिन राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतं. तिथे वायरलेसच्या पानावर २.४ गिगाहर्ट्झ चालू करा आणि त्याला वेगळं नाव द्या. हल्लीचे डबे दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि कुणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. नव्या मोबाइलला ते सोयीचं; जुनं कार्ड त्या ढकलाढकलीत कधी जोडलं जातं, कधी नाही. दोन वेगळी नावं ठेवली की हा गोंधळ मिटतो.

दोन्ही बँड चालू असूनही नाव दिसत नसेल तर चॅनल, म्हणजे बँडमधला छोटा पट्टा, बघा. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनल वापरता येतात. अमेरिकेत १२ आणि १३ सहसा वापरत नाहीत, त्यामुळे तिथून आणलेल्या काही लॅपटॉपांना ते ऐकूच येत नाहीत. मुलाने किंवा भावाने अमेरिकेहून आणलेला लॅपटॉप आणि राउटर 'ऑटो'वर असताना तेराव्या चॅनलवर गेलेला, असं झालं की आज दिसतं, उद्या दिसत नाही. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायमचं ठरवून द्या. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून चाळीत किंवा सोसायटीत, जिथे भिंतीपलीकडे दुसऱ्याचा राउटर असतो, तिथेही हेच बरे.

५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधलं चॅनल ठेवा. ५२ ते १४४ या पट्ट्यात रडारही काम करतात. तिथे राउटरला रडारसारखी खूण जाणवली की त्याला ते चॅनल सोडावं लागतं आणि अशा दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान मिनिटभर ऐकत थांबावं लागतं. तेवढा वेळ नेटवर्क गायब.

तिसरं कारण वायफाय ६, म्हणजेच ८०२.११एएक्स. इंटेलच्या ३१६०, ७२६०, ७२६५ या पिढीच्या कार्डांचा ड्रायव्हर जुना असेल तर ८०२.११एएक्स चालू असलेलं नेटवर्क त्यांना यादीत दिसतच नाही. कार्ड चांगलं, राउटर चांगला, पासवर्डचा प्रश्नच येत नाही कारण नावच नाही. इंटेलने यासाठी ड्रायव्हर सुधारून दिले आहेत. ते टाकले की नाव दिसायला लागतं. तोवर राउटरच्या वायरलेस पानावर २.४ च्या बँडचा मोड 'बी/जी/एन' असा ठेवा.

आणि एक आपल्याकडची गंमत नसलेली अडचण. काही जण नेटवर्कचं नाव हौसेने मराठीत ठेवतात. नियम असा की नाव ३२ बाइटांत बसलं पाहिजे, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे मात्रा धरून दहा चिन्हं. शिवाय काही लॅपटॉपांवर अशी नावं निरर्थक चिन्हांच्या ओळीसारखी दिसतात आणि ते आपलंच नेटवर्क आहे हे ओळखता येत नाही. नाव इंग्रजी लिपीत, साधं ठेवा.

पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही

पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरा आणि खरंच काय उमटतंय ते वाचा. मराठीत टाइप करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर कीबोर्डची भाषा मराठीवरच राहिलेली असते. अशा वेळी बोटं योग्य की दाबतात, पण चौकटीत ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरं उमटतात. काही मराठी कीबोर्डांवर आकडेही देवनागरी येतात. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा आणि साध्या इंग्रजी चिन्हांचाच असतो, म्हणून तो कधीच जुळणार नाही. विंडोज की आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा इंग्रजी करा. व्हॉट्सॲपवरून पासवर्ड चिकटवला असेल तर शेवटी एक मोकळी जागा आली नाही ना, तेही बघा.

पासवर्डऐवजी आठ आकडी पिन मागत असेल तर तो डब्ल्यूपीएसचा पिन आहे. त्याच्या नादी न लागता खालचा 'कनेक्ट यूझिंग अ सिक्युरिटी की इन्स्टेड' हा दुवा दाबा.

'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क' एवढाच निरोप येत असेल तर लॅपटॉपकडे जुनी माहिती साठवलेली असण्याची शक्यता मोठी. राउटर बदलताना सोयीसाठी जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवला जातो, पण सुरक्षेचा प्रकार बदललेला असतो. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, तिथे आपल्या नेटवर्कपुढे 'फर्गेट'. मग यादीतून नव्याने जोडा.

त्यानेही झालं नाही तर राउटरमधला सुरक्षेचा प्रकार बघा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं असेल तर जुनी कार्डं जोडली जाऊ शकत नाहीत. त्यांना ती भाषाच येत नाही. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड' करून बघा. मिश्र प्रकारावरही अडखळणारे ड्रायव्हर असतात. तेव्हा २.४ च्या वेगळ्या नावापुरतं 'डब्ल्यूपीए२-पीएसके' आणि 'एईएस' ठेवा, ५ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ राहू द्या. 'टीकेआयपी' कुठे निवडलेलं दिसलं तर ते काढा: ते जुनं आणि कच्चं आहे, आणि त्यावर वेगही ५४ मेगाबिटवर अडकतो. 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स' हा पर्याय 'रिक्वायर्ड' असेल तर 'कॅपेबल' करा.

राउटरमध्ये मॅक फिल्टर लावलेला असेल, म्हणजे ठरावीक उपकरणांनाच आत सोडायची यादी असेल, तर लॅपटॉपमध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' बंद ठेवा. ते चालू असलं की लॅपटॉप आपला खरा क्रमांक लपवून दुसराच सांगतो आणि राउटर त्याला परका समजून दारातून परत पाठवतो.

जोडलं जातं, पण पत्ता मिळत नाही

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) हा शब्द इंग्रजी लिपीत, सलग टाइप करा आणि वायरलेस अडॅप्टरखालची 'आयपीव्ही४ ॲड्रेस' ही ओळ वाचा. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल आणि खाली 'डीफॉल्ट गेटवे'पुढे राउटरचा पत्ता असेल तर ही पायरी पार पडली. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो राउटरने दिलेला नाही. राउटरकडून उत्तर न आल्यामुळे विंडोजने स्वतःच तात्पुरता घेतलेला आहे. त्यावरून इंटरनेट मिळत नाही.

आधी लॅपटॉपची बाजू. सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या पानावर 'आयपी असाइनमेंट' हे 'ऑटोमॅटिक डीएचसीपी' आहे का बघा (डीएचसीपी म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याची सोय). ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कसाठी कुणीतरी हाताने टाकलेला पत्ता तसाच राहून गेलेला असतो. मग आयपीकॉन्फिगपुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि रिलीज, नंतर त्याच रीतीने रिन्यू द्या (ipconfig /release, ipconfig /renew). अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन काढून टाकल्यावरही त्यांचे अवशेष नेटवर्कच्या वाटेत बसलेले असतात. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडून नेटएसएच विनसॉक रिसेट (netsh winsock reset) ही आज्ञा द्या आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

राउटरची बाजू जास्त वेळा निघते, आणि 'कधी लागतं, कधी नाही' याचं मूळ बरेचदा इथे असतं. मोठ्या घरात किंवा वरच्या मजल्यासाठी फायबरच्या डब्याला आणखी एक राउटर जोडलेला असतो, आणि तार डब्याच्या लॅन खाचेतून दुसऱ्या राउटरच्याही लॅन खाचेत खोचलेली असते. आता दोघेही पत्ते वाटतात, आणि कारखान्यातून आलेला दोघांचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ हाच असू शकतो. लॅपटॉपला आधी कुणाचं उत्तर पोचतं त्यावर नेट चालणार की नाही ते ठरतं. म्हणून राउटर बंद-चालू केल्यावर तासभर बरं वाटतं. दुसऱ्या राउटरमध्ये जाऊन त्याचा मोड 'ॲक्सेस पॉइंट' करा. तो पर्याय नसेल तर त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातला डीएचसीपी सर्व्हर बंद करा, आणि डब्याच्या डीएचसीपी यादीत पत्त्यांची सुरुवात १९२.१६८.१.१० पासून ठेवा. पत्ता बदलल्यावर त्या राउटरच्या पानात जायचं ते नव्या पत्त्यावरून, हे कुठेतरी लिहून ठेवा.

पत्त्यांची यादी आखूड असणं हे आणखी एक कारण. मोबाइल, टीव्ही, कॅमेरे, पाहुण्यांचे फोन असं करत वीस पत्ते भरले की एकविसाव्याला मिळत नाही. यादी वाढवा, किंवा पत्ता राखून ठेवायचा कालावधी कमी करा.

'नो इंटरनेट, सिक्युअर्ड'

इथे तीन पिंग पुरतात. पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून ओ येते का बघणं. पहिली हाक राउटरला, कमांड प्रॉम्प्टमधून: पिंग (ping) १९२.१६८.१.१. ओ आली नाही तर मागच्या पायरीवर जा. दुसरी बाहेर: पिंग ८.८.८.८. राउटर ओ देतो पण ही देत नाही, म्हणजे राउटरपलीकडे अडलंय; केबलवाल्याचं कनेक्शन असेल आणि राउटर नुकताच रिसेट झाला असेल तर त्यातलं पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड पुसलं गेलेलं असतं, ते पुन्हा भरावं लागतं. तिसरी हाक एखाद्या संकेतस्थळाच्या नावाने. आकड्याला ओ येते आणि नावाला नाही, तर डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी सोय, अडलंय. 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' हाताने भरा: पहिला ८.८.८.८, दुसरा १.१.१.१.

तिन्हींना ओ येते आणि तरीही ब्राउझर काही उघडत नाही, असं असेल तर सेटिंग्जमधल्या प्रॉक्सीच्या (इंटरनेट मधल्या दुसऱ्या सर्व्हरमार्फत घेण्याच्या) पानावर 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू राहिलंय का बघा. आणि घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा येतो. जुन्या लॅपटॉपात मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला असतो. बऱ्याच लॅपटॉपांत तो सीआर२०३२ जातीचा, दोन तारांच्या टोकाला बांधलेला असतो.

लागतं आणि सारखं तुटतं

झोपेतून उठल्यावर वायफाय गेलेलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' हे पान उघडा आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू द्यायची खूण काढा. नव्या लॅपटॉपांत हे पान पुष्कळदा नसतंच. तिथे ड्रायव्हर आणि बायोस (विंडोजच्या आधी लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करणं हाच मार्ग.

रोज सकाळी लॅपटॉप सुरू केल्यावर वायफाय नाही, पण रीस्टार्ट केल्यावर येतं, ही खूण फास्ट स्टार्टअपची. 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपली अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तीच उचलते, बिघडलेल्या ड्रायव्हरसकट. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू', वरचा 'चेंज सेटिंग्ज' दुवा, आणि 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. लॅपटॉप सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, तेवढं चालवून घ्या.

विंडोज अपडेटनंतर सुरू झालेली तक्रार असेल तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ते करड्या रंगात असेल तर लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर टाका.

कशाचाच पत्ता लागत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट (netsh wlan show wlanreport) द्या. मागच्या तीन दिवसांत वायफाय किती वाजता तुटलं आणि कशामुळे, याची सविस्तर नोंद एका फाइलमध्ये तयार होते. ती कुठे ठेवली ते उत्तरात दिसतं, तिथून ती ब्राउझरमध्ये उघडा. तुटण्याच्या वेळा घरातल्या वेळांशी ताडून बघा. रोज जेवणाच्या आधी तुटत असेल तर मायक्रोवेव्ह बघा, तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. बाहेरची हार्ड डिस्क लावल्यावर तुटत असेल तर यूएसबी ३ च्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झवर पडणारा गोंगाट हे कारण. डिस्क दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावा किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या.

जागाही बघा. लोखंडी कपाटावर ठेवलेला राउटर, मध्ये आरशाचा दरवाजा, कोकणातल्या घरांच्या जाड जांभ्याच्या भिंती, यांतून ५ गिगाहर्ट्झ फार लांब जात नाही. लॅपटॉप राउटरपासून दोन मीटरवर आणून बघा. तिथे व्यवस्थित चालला तर जागेचा प्रश्न आहे. पण दोन मीटरवरही एकच काडी दाखवत असेल, मोबाइल मात्र पूर्ण, तर अँटेनाची तार सुटली आहे. एसएसडी किंवा रॅम बदलायला लॅपटॉप उघडला गेल्यानंतर हे होतं. पाठ उघडली की छोट्या कार्डावर एक काळी आणि एक पांढरी अशा दोन बारीक तारा दिसतात, टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान सोनेरी टोपी. बॅटरीची जोडणी आधी सोडवा. टोपी बरोबर खुंटीवर ठेवून बोटाने सरळ खाली दाबा. बारीक टक् असा स्पर्श जाणवतो. तिरकी दाबली तर खुंटी वाकते आणि मग कार्डच बदलावं लागतं.

नेटवर्क रिसेट आणि कार्ड बदलणं

सेटिंग्जमधलं 'नेटवर्क रिसेट' हे इथवर येऊनही सुटलं नाही तरच करा. त्याने साठवलेले सगळे पासवर्ड जातात, हाताने भरलेले पत्ते जातात, ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं. दाबल्यावर पाच मिनिटांनी लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतो, चालू काम आधी साठवून ठेवा.

कार्डच गेलं असेल तर अख्खा लॅपटॉप बदलायची गरज नाही, आणि दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला म्हटलं तरी आधी यूएसबीचं वायफाय अडॅप्टर लावून बघा. दोन्ही बँडचं घ्या; फक्त २.४ चं घेतलं तर पाच वर्षांनी हीच तक्रार परत येते. आतलं कार्ड बदलायचं असेल तर जुन्यावरचा मॉडेल क्रमांक वाचून मगच नवं आणा. इंटेलचं एएक्स२०१ हे खाचेत बसत असलं तरी ते इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांसोबतच चालतं, एएमडीच्या लॅपटॉपात चालणार नाही. तिथे एएक्स२१० घ्यावं लागतं. काही जुन्या एचपी आणि लेनोवो मॉडेलांत बायोस फक्त कंपनीच्या यादीतलीच कार्डं स्वीकारतो आणि परकं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होऊ देत नाही. अनेक लॅपटॉपांत कार्ड मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेलं असतं. या दोन्ही ठिकाणी यूएसबी अडॅप्टर हाच शहाणपणाचा खर्च, आणि जुनं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून 'डिसेबल' करून ठेवा, नाहीतर विंडोज मधूनच पुन्हा त्याच्याकडे वळते.